सातव्या ओळीचा रंग

मेरियन टिकनरने आयुष्यात कुणाशी वाकडं घेतलं नाही, आणि तिची चूक काय ती तेवढीच.

इंग्लंडातल्या वॉरिकशायरमधून जाणाऱ्या वेगवान रेल्वेच्या कामावर नजर ठेवायला सरकारने जी माणसं नेमली होती, त्यांतली ती एक. दर महिन्याला चिखलाचे बूट चढवायचे, बोगद्याच्या कडेची गावं पालथी घालायची आणि मोबाइलवरच्या तक्त्यात प्रत्येक तक्रारीपुढे एक रंग भरायचा. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे आमचं लक्ष आहे. लाल म्हणजे, म्हणे, थेट मंत्र्यांच्या टेबलावर. आता लाल कोण भरणार? लंडनहून फोन येणार, बैठक बसणार, ठेकेदाराची माणसं तोंडं पाडून समोर बसणार, आणि न जाणो, कुणाचा आवाज चढला तर? चारचौघांत आवाज चढण्यापेक्षा ह्या इंग्रज लोकांना मरण बरं वाटतं. त्यामुळे तक्ता वर्षभर हळद फासल्यासारखा पिवळाधमक असायचा.

त्यातली सातवी ओळ होती टेकडीवरच्या डेनिस हॉबडेची विहीर. बोगद्यासाठी जमिनीतलं पाणी उपसायला लागले, तेव्हापासून ती आटत चालली होती. डेनिसच्या चौसष्ट गाई होत्या आणि नळ तिथवर कधी आलाच नव्हता. ठेकेदाराने टँकर पुरवावा असा नियम होता, पण लाल शेरा पडल्यावर.

"काय हॉबडे, कसं काय?" ती दर महिन्याला विचारायची.

"चाललंय. कुरकुर करून काय होणार? बसा बाई, चहा टाकतो. तुमचा कप वेगळा ठेवलाय मी, कडा न उडालेला."

जूनमध्ये त्याने किटलीत विकतच्या बाटलीतलं पाणी ओतलं, तेही तिच्याकडे पाठ करून, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. मेरियनने ते पाहिलं. पाहिलं, आणि हवा काय छान पडलीय म्हणाली! मग गाडीत बसून सातव्या ओळीत पिवळा भरला. सप्टेंबरात गाई कोरडा हौद चाटताना दिसल्या. त्या दिवशी लालवर नेलेलं बोट तिने मागे घेतलं. पुढच्या महिन्यात बघू, असं स्वतःला सांगितलं.

तो महिना तिला धड गेला नाही. ऑक्टोबरात टेकडी चढताना तिने मनाशी पक्कं केलं होतं, आज लाल. पण गोठ्याजवळ आली तर आत सामसूम. शेणाचा वासही शिळा झालेला.

"गुरुवारी दिल्या," डेनिस म्हणाला. "चांगल्या घरी पडल्यात. म्हातारी क्लोव्हर तेवढी गाडीत चढेना, शेवटी ढकलावी लागली."

"अहो, मला का नाही सांगितलंत?"

तो खरंच गोंधळला. "तुम्ही येत होता की दर महिन्याला. बघत होता. म्हटलं, बाई करत असतील काहीतरी, उगाच कशाला मागे लागायचं?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला सोसला असता. त्याने तिचा तो कप पुढे केला आणि तिच्याने त्याच्याकडे मान वर करून बघवेना. आपण सहा महिने ह्या माणसाचा चहा प्यायलो, ह्याची तिला मनापासून लाज वाटली.

अंगणात उभी राहून तिने लाल भरला. दहा मिनिटांत फोन वाजला. लंडनचे साहेब, कीथ.

"लाल का? बरं केलंस. उद्या सकाळी टँकर येईल."

"आणि बैठक?"

"कसली बैठक? माझी एक सही लागते. तू आधी का नाही भरलास?"

मेरियनने आभार मानून फोन ठेवला. कुरकुर करणाऱ्यांतली ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर आली. टँकर वेळेवर आला आणि त्याने हौद काठोकाठ भरला. डेनिसने पोचपावतीवर सही केली, ड्रायव्हरचे आभार मानले आणि त्यालाही चहाला बोलावलं.

"एवढं पाणी," ड्रायव्हरने इकडेतिकडे बघत विचारलं, "कुणासाठी हो?"

डेनिस किटली भरायला आत वळला. मेरियनलाच बोलावं लागलं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली.