आडवी आलेली पत्रिका

जळगावच्या त्या फिल्म महोत्सवात सिनेमापेक्षा चहा बरा, असं माझं मत. तरी मी धुळ्यातलं माझं चष्म्याचं दुकान दुपारीच बंद करून गेलो, कारण दीपनगरहून तो येणार होता. तो तिथल्या वीज केंद्रात नोकरीला, राहायला कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. आम्ही कित्येक वर्षं एकमेकांचे आहोत. माझं तोंड वाजतं म्हणून धुळ्यात मला कुणी काही विचारायला धजत नाही. त्याला मात्र शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहायचं असतं. कुणी विचारलं की तो "मित्र आहेत" म्हणायचा आणि मी गप्प बसायचो. मला त्याची चीड यायची.

सिनेमा परदेशी होता. पन्नाशीतले दोन पुरुष, नवरा-बायकोसारखे भांडणारे, एका खाष्ट काकाचा खून करतात आणि प्रेत फ्रीजमध्ये ठेवतात. मग भाजी काढायची तरी आधी काकाचा हात बाजूला करायचा. मी पोट धरून हसत होतो. आजवर आमच्यासारखे लोक पडद्यावर आले ते रडायला नाहीतर मरायला. हे दोघं चक्क मारत होते आणि वर पोटभर जेवतही होते.

लोकही खिदळत होते. काकाचं डोकं फ्रीजच्या दारात अडकलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांनी एकमेकांना टाळी दिली. मग ते दोघं ओट्यापाशी मुका घ्यायला वाकले आणि पडदा काळा झाला. मला वाटलं, लाइट गेली. पण आवाज चालू होता. वळून बघतो तर आयोजक नानांनी प्रोजेक्टरसमोर लग्नपत्रिका धरलेली. मारवाडी लग्नाची, पेटीएवढी जाड, वर सोनेरी गणपती. हाताला तीच लागली असणार. मुका संपल्यावर त्यांनी ती खाली घेतली.

एकदा सोसलं. दुसऱ्यांदा पत्रिका वर गेली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो.

"नाना, पत्रिका खाली घ्या."

"भाऊ, बायामाणसं बसली आहेत."

"खून चालला होता तेव्हा ती काय बाहेर गेली होती?"

लोक हसले. नानांना ते लागलं. "तुम्हाला एवढं का झोंबतंय? तुमचा काय संबंध?"

शेजारून त्याने माझा शर्ट खाली ओढला. मागच्या रांगेत त्याच्या समोरच्या क्वार्टरमधले आबा आणि त्यांची बायको, अक्का, बसले होते. मी तोंड उघडलं की तोही उघडा पडणार, हे मला कळत होतं. पण इतकी वर्षं मी खाली बसूनच काढली होती.

"संबंध आहे," मी म्हणालो. "मी त्या दोघांच्यातलाच आहे. खून केला नाही, एवढंच. आता सिनेमा मागे घ्या आणि झाकलंत ते सगळं दाखवा."

नाना काही वाईट माणूस नव्हे. मान खाली घालून त्यांनी सिनेमा मागे घेतला. मुका चांगला लांबलचक होता. कुणी शिट्टी मारली, दोघंतिघं उठून गेले, बाकीचे बसले. मुका संपेपर्यंत मी उभाच होतो. शेजारी बसलेला तो माझ्याकडे बघत नव्हता.

सिनेमा सुटल्यावर बाहेर चहा होता. आम्ही कप उचलले तोच आबा आणि अक्का जवळ आले. आबांनी माझ्याकडे बोट करून, मी त्याचा कोण, असं त्याला अहिराणीत विचारलं, "ह्या तुमना कोन शेतस, भाऊ?"

त्याने कप खाली ठेवला. आता "मित्र" म्हणाला तर मी पुन्हा दीपनगरची पायरी चढणार नव्हतो. हे मी मनात पक्कं केलं होतं.

"हे?" तो म्हणाला. "हे आमचे हे."

आबांना काही उमगेना. अक्कांनी पदर तोंडाला लावला आणि त्यांना हसू आवरेना. "आवो, जशा तुम्ही मना, तशा ह्या तेस्ना!"

म्हणजे जसे आबा अक्कांचे, तसा मी त्याचा. अक्कांचा आवाज मुळातच मोठा. चहाभोवतीची सगळी डोकी आमच्याकडे वळली, नानांचंसुद्धा.

"हो," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "अगदी तसेच."