सही केली नाही

“तोंड भिंतीकडं कर.”

प्रभाकरराव असं म्हणायचे आणि मी करायचे. ते रूटचा पासवर्ड टाकायचे. रूट म्हणजे सर्व्हरचा मालक. त्याला कुठलीच फाइल बंद नसते. टाइप करून झालं की म्हणायचे, “हं, वळ आता.” दोन वर्षं. खोलीत पाच-सहा माणसं बसलेली असायची. ती आपापल्या स्क्रीनकडं बघायची. मी भिंतीकडं.

हैदराबादच्या एका खासगी कॉलेजात, परीक्षा विभागाच्या सर्व्हरवर मी काम करते. प्रभाकरराव आमचे हेड. बरकतपुऱ्यातलं जुनं मराठी घराणं, आजोबा वकील, वडील सरकारात. माझे अप्पा नांदेडकडून आले आणि अफझलगंजात पोती उचलली. तिथल्याच मोठ्या लायब्ररीत बसून मी सर्व्हर चालवणारी युनिक्स प्रणाली शिकले. आमची जात प्रभाकररावांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतली होती. “आडनावावरून कळंना, म्हणून विचारलं,” म्हणाले.

ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांना आम्ही क्रॉन म्हणतो. ती कामं कुणी लावायची, त्याची एक यादी असते. यादीत पाच नावं. माझं नाही. त्या कामांच्या सूचना, म्हणजे स्क्रिप्टा, मी लिहायच्या, लावायच्या त्यांनी. मला वाटायचं, नियम असेल. मग एकदा शेजारच्या टेबलावरच्या श्रीनिवासला त्यांनी फोनवर पासवर्ड सांगितला. मोठ्यानं, एकेक अक्षर. मी तिथंच होते. त्या दिवशी कळलं, नियम वगैरे काही नव्हता. भिंत फक्त माझ्यासाठी होती.

हॉल तिकिटांची स्क्रिप्ट रोज दुपारी तीनला रूटच्या ताकदीनं चालायची. तिच्यावर त्यांनी परवानगीचा आकडा सातशे सत्त्याहत्तर टाकून ठेवलेला. म्हणजे कुणीही वाचा, कुणीही बदला, कुणीही चालवा. सोयीचं पडतं म्हणून. मी तीनदा मेल केला, हे धोक्याचं आहे. उत्तर आलं नाही. समोर विचारलं तर म्हणाले, “तुला कुणी विचारलं का?”

एका मंगळवारी तीनला ती स्क्रिप्ट चालली आणि हॉल तिकिटांचा सगळा फोल्डर पुसून गेला. पोरं गेटवर जमली. कुणी रडत होतं. बॅकअपवरून मी सगळं परत आणलं, तेव्हा सहा वाजले होते. पाणीसुद्धा प्याले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. प्राचार्य मॅडम, प्रभाकरराव, श्रीनिवास, ऑफिसातली बाकीची माणसं. माझ्यापुढं एक कागद सरकवला. ‘माझ्या चुकीमुळे विद्यार्थ्यांचे नुकसान झाले.’ खाली माझं नाव टाइप केलेलं.

प्रभाकरराव मॅडमना म्हणाले, “स्क्रिप्ट हिनंच लिहिलेली. सवलतीवर आलेल्यांच्या हाती असली कामं दिली की हेच होणार.”

पेन माझ्या हातात होतं. टोपणसुद्धा काढलं होतं. दोन वर्षं मी भिंतीचा उडालेला रंग बघत उभी राहिले, ते कशासाठी? ह्या कागदासाठी?

पेन खाली ठेवलं.

“मी सही करत नाही. ऑडिट लॉग उघडा. आत्ता, सगळ्यांसमोर.”

“तुला तो अधिकार नाही,” प्रभाकरराव म्हणाले.

“माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला सांगतेय.”

मॅडम म्हणाल्या, “खोलो ना, राव. देखेंगे.”

श्रीनिवासनं उघडला. कुणी, कधी, काय बदललं ते लॉगमध्ये उतरलेलं असतं. मंगळवार, दुपारी एक पन्नास. स्क्रिप्ट बदलली होती. लॉगिन प्रभाकररावांचं. फोल्डरचं नाव बदलताना एक स्पेस जास्त पडली होती, त्यामुळं जुन्या फाइलींऐवजी सगळा फोल्डरच पुसला गेला. एवढंच. अशी चूक माझ्याकडूनही झाली असती. पण मी ती दुसऱ्याच्या नावानं टाइप करून आणली नसती.

मॅडमनी फाइल मिटली. “हो गया सो हो गया. चलो, अब काम देखो.”

प्रभाकरराव श्रीनिवासला म्हणाले, “टाक रे हिचं नाव यादीत. म्हणजे खूश होईल.”

“नाव कामासाठी टाका, माझ्या खुशीसाठी नको,” मी म्हणलं. “आणि सवलतीवरून जे बोललात, ते मिनिट्समध्ये लिहा.”

कुणी लिहिलं नाही. म्हणून मी लिहिलं. जात विचारल्यापासून त्या कागदापर्यंत सगळं, तारखेवार. कॉलेजच्या तक्रार निवारण समितीकडं तक्रार दिली आणि पोच घेतली.

घरी अप्पांना सांगितलं. ते पाठ चोळत म्हणाले, “माय, मागं घे. मोठी लोकं हायत. नोकरी जाईल.” अप्पांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला.

सोमवारी सुनावणी आहे. आपसात मिटवा म्हणून कॉलेजातून दोन निरोप आले. मिटवणार नाही. समितीपुढं सवलतीचं ते वाक्य जसंच्या तसं बोलून दाखवणार आहे, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याकडं बघत. नोकरी जायची तर जाऊ दे. तक्रार मी मागं घेणार नाही.