ज्याच्याकडे बॉल जात नाही तो गडी

"ताई, तुमचा हा टॅकलवाला गडी मला देता का? बदल्यात माझा ह्यो आळशी घ्या."

आमचे ऑपरेशन्स मॅनेजर जाधव साहेब माझ्या टेबलाशी येऊन असं म्हणाले, तेव्हा मी जमेल तितकं तोंड पाडलं. मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. तो आळशी गडी मला कधीचा हवा होता. मी स्वतःहून मागितला असता, तर साहेबांना लगेच वास आला असता.

"साहेब, हा माझा कामाचा माणूस आहे हो," मी म्हणाले.

"म्हणून तर मागतोय. न्हाई म्हणू नका."

मी थोडे आढेवेढे घेतले आणि ट्रेड करून टाकला.

आता हा सगळा प्रकार काय ते सांगते. सांगलीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. परदेशातल्या एका कंपनीच्या ऑनलाइन गेमचं टेस्टिंग आम्ही करतो. गेम अमेरिकन फुटबॉलचा. नाव फुटबॉल असलं तरी बॉल बहुतेक वेळा हातानेच फेकतात. या गेममध्ये बटणं दाबून पळापळ करायची नसते. आपण टीम निवडायची, डावपेच ठरवायचे, ट्रेड म्हणजे खेळाडूंची अदलाबदल करायची. मॅच कॉम्प्युटर खेळतो. कुठला खेळाडू खरोखर किती तयारीचा आहे, हे गेम कुणालाच सांगत नाही. त्याचे आकडे बघायचे आणि आपणच ओळखायचं.

त्या सुमारास खेळणाऱ्यांकडून तक्रार आली होती की कॉर्नरबॅकची रँकिंग काहीतरीच लागतेय. क्वार्टरबॅक बॉल फेकतो आणि रिसीव्हर पुढे पळत जाऊन तो झेलतो. त्या रिसीव्हरला गोचिडासारखा चिकटून राहून बॉल झेलू देत नाही, तो कॉर्नरबॅक. रँकिंगचं काय बिनसलंय ते शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण ऑफिसात स्टॅटिस्टिक्स शिकलेली मी एकटीच.

जाधव साहेब कोरेगावकडचे, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. "जे टेस्ट करतो ते खेळता आलं पायजे," असं म्हणून त्यांनी ऑफिसची लीग काढली. फायनलला आले ते स्वतः आणि मी. दोन मॅच, दोन्हींच्या गुणांची बेरीज. हरणाऱ्याने सीझनभर सोमवारची पहाटेची ड्युटी करायची. तिकडे अमेरिकेत रविवारी संध्याकाळी गेमवर झुंबड उडते, तेव्हा इकडे सोमवारी कोंबडंसुद्धा आरवलेलं नसतं. मला सकाळची झोप जिवापेक्षा प्यारी आहे. ती ड्युटी माझ्या गळ्यात पडू नये, एवढ्यासाठी मी काहीही करायला तयार होते.

साहेबांचा हिशोब सरळ होता. जो जास्त काम दाखवतो, तो चांगला. गेमची रँकिंगही तशीच होती. टॅकल किती, बॉल हाताने उडवला किती, मध्येच हिसकावला किती, सगळ्याची बेरीज. माझा टॅकलवाला त्या यादीत पार वर होता. पण टॅकल कधी होतं? रिसीव्हरने बॉल झेलल्यावर त्याला पाडलं की. म्हणजे हा गडी दरवेळी बॉल झेलू द्यायचा आणि मग मागून पळत जाऊन माणूस पाडायचा. समोरच्या टीमला ते कळलं होतं. प्रत्येक बॉल त्याच्याच बाजूला यायचा. माणूस दिवसभर राबायचा आणि आम्ही हरता हरता वाचायचो.

साहेबांचा आळशी यादीत तळाला होता. मी जुन्या मॅच उघडून बघितल्या. त्याच्या बाजूला कुणी बॉल टाकतच नव्हतं. टाकून बघितलेल्यांची खोड मोडली होती.

पहिल्या मॅचला साहेबांनी आपल्या टीमला हुकूम सोडला की बॉल त्या आळशाच्याच अंगावर टाका. आळशाने दोन बॉल मध्येच हिसकावले. दुसऱ्या बाजूला माझा जुना टॅकलवाला आता साहेबांसाठी घाम गाळत होता.

"बघा, बघा, कसा पाडला! काय गडी हाय!" साहेब टॅकल मोजत होते. मी स्कोअर बघत होते.

मॅच संपली, मी चांगल्या फरकाने जिंकले, तेव्हा कुठे त्यांनी स्कोअर बघितला.

"ताई, गंडवलं का काय मला?"

"आवं साहेब, गंडवलं कुठं? तुमीच मागितला की."

मग मी त्यांना आमच्या आटपाडीचं उदाहरण दिलं. माझे वडील मेंढरं राखायचे. आमच्याकडे दोन कुत्री होती. एक अंगभर जखमा मिरवायचं, येणारे-जाणारे त्याचं कौतुक करायचे. दुसरं वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, कडेला नुसतं पडून असायचं. लांडगा कायम पहिल्याच्या बाजूने यायचा. दुसऱ्याच्या बाजूला फिरकायची त्याची छाती नव्हती. वडील म्हणायचे, "जखमा कसल्या मोजतीस? मेंढरं मोज."

साहेबांनी स्कोअर पुन्हा एकदा बघितला.

"म्हंजे ज्याच्याकडं बॉल कमी, त्यो भारी?"

"अगदी तसंच," मी म्हणाले. एवढ्यावरच थांबायला हवं होतं. पण मला शिकवायचा चेव चढला होता. त्या दिवशी टार्गेट हा शब्द मी त्यांच्या डोक्यात पक्का बसवला. टार्गेट म्हणजे आपल्या माणसाच्या बाजूला बॉल किती वेळा आला. जितके टार्गेट कमी, तितका गडी दांडगा.

दुसऱ्या मॅचच्या आधी साहेब पुन्हा टेबलाशी आले. या वेळी चेहरा अगदी गरीब.

"ताई, जरा बघता का? माझ्याकडं एक कॉर्नरबॅक हाय. त्याचे टार्गेट झिरो दिसतात. म्हंजे बाद म्हणायचा का?"

मी स्क्रीनकडे बघितलं. टार्गेट शून्य. अख्ख्या सीझनमध्ये शून्य! एवढी दहशत? माझ्या तोंडाला पाणी सुटलं. एवढं शिकवूनही या माणसाला काहीच कळलं नाही, या खात्रीने मी मोठ्या उदारपणे म्हणाले, "तसा बादच. पण द्या मला. माझा एक नंबरचा रिसीव्हर घेऊन जा."

"एवढा मोठा माणूस? नको, ताई. तुमचं नुकसान हुईल."

"होऊ दे, साहेब!"

मॅच सुरू झाली. डावीकडे माझा आळशी, उजवीकडे शून्यवाला. आता बॉल टाकायला जागाच कुठे आहे, म्हणून मी चहा घेऊन निवांत बसले. कॉम्प्युटरने साहेबांच्या टीमचा पहिला बॉल उजवीकडे टाकला. मग दुसरा. मग सगळेच. शून्यवाला प्रत्येक रिसीव्हरच्या मागे हातभर अंतर ठेवून पळत होता, जणू लग्नाच्या वरातीत चाललाय. माझाच जुना रिसीव्हर त्याला दाखवून दाखवून बॉल झेलत होता. चहा तसाच गार झाला. आधीची आघाडी गेली, वर साहेब बरेच गुण पुढे निघून गेले.

"साहेब, हा सीझनभर होता कुठे?"

"बेंचवर," साहेब म्हणाले. "एकदा बी मैदानात उतारला न्हाई. बॉल कुठनं येणार त्याच्याकडं?"

मी तक्ता उजवीकडे सरकवला. शेवटच्या कॉलममध्ये स्नॅप लिहिलेले असतात. स्नॅप म्हणजे खेळाडू मैदानात असताना किती वेळा खेळ सुरू झाला तो आकडा. तिथेही शून्य होतं. तो कॉलम स्क्रीनवर मावत नव्हता आणि सरकवायची तसदी मी घेतली नव्हती. मला माझाच राग आला आणि हसूही आवरेना.

"ताई, लांडगा का आला न्हाई, ते मागनं. कुत्रं वाघरीला होतं का, ते आदी बघायचं. फौजेत आमी पयली हजेरी घेतो, शाबासकी नंतर."

रिपोर्ट मी त्याच आठवड्यात पाठवला. कॉर्नरबॅकची किंमत त्याने किती माणसं पाडली यावरून करू नका, असं त्यात लिहिलं. तो मैदानात असताना त्याच्या बाजूला बॉल टाकायला लोक किती कचरले, आणि टाकलाच तर काय झालं, ते बघा. वर एक ओळ मुद्दाम जाड अक्षरात टाकली: आधी स्नॅप तपासा. कंपनीने ते मान्य केलं आणि तक्रारी थांबल्या. रिपोर्टवर नाव माझं होतं, पण जाड अक्षरातली ओळ कुणाची ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं.

सीझनभर सोमवारी पहाटे मी मुकाट्याने ऑफिसात जाऊन बसले. शेवटी अप्रेझलला साहेबांनी मला बोलावलं.

"ताई, तुमच्या सोमवारी एक बी तक्रार न्हाई. सगळं झिरो."

"मग भारीच की, साहेब."

"बघू," म्हणून त्यांनी पुढचं बोलणं थांबवलं आणि वॉचमनला हाक मारली. "सोमवारी ताई कवा येत हुत्या? जाग्या असायच्या का?"