मावशींचे खोटे मेल

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेल्या मावशींना निवृत्तीनंतर घर खायला उठलं. भाच्याचं गणवेश शिवायचं दुकान होतं. तिथे एक दिवस त्या "जरा बघून येते" म्हणून गेल्या आणि काउंटरमागच्या उंच स्टुलावर जाऊन बसल्या. त्याला सहा वर्षं झाली. "मावशीचं अजून बघून व्हायचंय," असं भाचा गिऱ्हाइकांना सांगायचा.

खोडी मावशींच्या हाडात होती. खात्यात असताना त्यांनी एकदा, वर्षभर एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन साहेबांना एकाच वेळी घंटी दिली होती आणि "समोरून तुम्हाला फोन आलाय" असं दोघांनाही सांगितलं होतं. दोन्ही साहेब "बोला, बोला" करत ताटकळले आणि शेवटी चक्क बोलू लागले. मावशींना मेमो मिळाला. तो त्यांनी अजून जपून ठेवलाय.

दुकानात पाच मशिनं, पलंगाएवढं कापायचं टेबल, त्यावर कात्री चालवणारे मास्तर आणि काज-बटण करणाऱ्या ताई. इस्पितळाच्या परिचारिका, पहारेकरी, शाळेची पोरं, बँडवाले, अशा अकराशे लोकांची मापं एकाच कॉम्प्युटरमध्ये होती. मापांसमोर मावशींचे शेरेही असत. 'पोट आत ओढून माप देतो, दोन इंच वाढवा.' 'बाही लांब झाली म्हणून भांडेल, भांडू द्या.'

मग एका मंगळवारी भर दुपारी एक मेल आला. 'आपलं पार्सल परत जात आहे. पत्ता तपासण्यासाठी सोबतची फाइल उघडा.' भाचा नेमका बटणांच्या पार्सलची वाट बघत होता. त्याने फाइल उघडली. दहा मिनिटांत मापांच्या सगळ्या फाइलींचा खिचडा झाला, एकही उघडेना, आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: फाइली हव्या असतील तर पैसे पाठवा.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी आधी भिंतीतली इंटरनेटची वायर उपटली, मग विचारलं, "मापांची दुसरी प्रत कुठे आहे?"

"आहे ना!" भाचा घाईघाईने म्हणाला. "याच कॉम्प्युटरवर, शेजारच्या फोल्डरमध्ये."

मॅडमनी कीबोर्ड उलटा केला. खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा पासवर्ड होता. मेलचा तोच, बँकेचा तोच, वीजबिलाचाही तोच.

"पैसे दिले तर?" भाच्याने हळूच विचारलं.

"तरी फाइली परत मिळतील याची काही खात्री नाही. उलट हे गिऱ्हाईक पैसे देतं म्हणून पुन्हा येतील."

पैसे दिले नाहीत. मापं पुन्हा घ्यायची ठरली. तीन आठवडे अकराशे माणसं दुकानात येत राहिली आणि मास्तरांच्या गळ्यातला टेप गळ्यात राहिलाच नाही. बँडमास्तरांनी सवयीप्रमाणे पोट आत ओढलं, तेव्हा मावशी स्टुलावरूनच ओरडल्या, "श्वास सोडा हो! नाहीतर कर्णा फुंकताना बटण तुटून समोरच्याच्या डोळ्यात जाईल." छाती चव्वेचाळीस, पोट अठ्ठेचाळीस, सीट सेहेचाळीस. ही मापं भाच्याच्या डोक्यात पक्की बसली.

मॅडमनी नवी घडी बसवून दिली. दर शनिवारी मापांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क काढून मावशींच्या कपाटात ठेवायची. प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांबलचक पासवर्ड. शिवाय मेल उघडताना फोनवर येणारा सहा आकडी कोड. "एवढं केलंत की कॉम्प्युटरचं झालं," मॅडम म्हणाल्या. "आता उरलात तुम्ही. नको ते उघडणारी माणसं."

"ते माझ्याकडे सोडा," मावशी म्हणाल्या. त्यांचा तो सूर ऐकून ताईंनी मशिन थांबवून वर बघितलं.

चारच दिवसांनी भाच्याला मेल आला. 'उत्कृष्ट शिवणकामासाठी आपल्या दुकानाची निवड झाली आहे. प्रमाणपत्रासाठी इथे दाबा.' भाच्याने दोन मिनिटंही दम धरला नाही. पडद्यावर जीभ बाहेर काढलेल्या मावशींचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'फसलात शेठ!' हे तंत्र त्यांनी मॅडमकडून एका संध्याकाळी शिकून घेतलं होतं.

एका बँडने कधीच न नेलेला एक लाल कोट दुकानात पडून होता. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर दोऱ्यांचे गोंडे. जो फसेल त्याने तो दिवसभर घालून काम करायचं, असा मावशींनी नियम केला. इस्पितळाच्या मोठ्या बाई कापड बघायला आल्या, तेव्हा भाचा तोच कोट घालून उभा होता.

"नवा धंदा?" बाईंनी विचारलं.

"नाही, जुनी मावशी," भाचा म्हणाला.

मास्तर 'जुन्या कात्र्या बदलून मिळतील' या मेलला भुलले. ताई दोनदाच फसल्या, पण पहिल्या वेळी त्यांना कोट इतका शोभला की दुसऱ्या वेळी त्या मुद्दाम फसल्या असा मावशींना संशय होता. भाचा मात्र पाच वेळा कोटात गेला. मग मावशींनी फोनही सुरू केले. कधी शेजारीण बँकवाली होऊन बोलायची, कधी मावशींच्या जुन्या खात्यातली मैत्रीण. भाचा हळूहळू हुशार झाला. लिंक आली की आधी पाठवणाऱ्याचा पत्ता बघू लागला आणि कोणाचा फोन आला की "ठेवा, मीच माझ्याकडच्या नंबरवर करतो" म्हणू लागला.

एका सकाळी दुकानाचा फोन वाजला. भाच्याने उचलला आणि मावशींकडे बघून डोळा मारला. मावशी हिशोबाच्या वहीवर चहाचा कप धरून त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मेल कंपनीतून? बरं, बरं. आमच्या मेलवर हल्ला होतोय? अरे बाप रे!" भाच्याने आवाज जमेल तितका रडवेला केला. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "कोड आलाय, हो. सांगतो ना. लिहून घ्या. चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस, सेहेचाळीस."

ताई तोंडावर कापड दाबून हसू लागल्या.

"चालत नाही? परत टाकून बघा. अहो, ते माप जरा फुगतं." भाच्याला आता चांगलाच चेव आला होता. त्याने फोनवर हात ठेवला आणि मावशींना म्हणाला, "कोण गं हा? आवाज छान काढलाय."

मावशींच्या हातातला कप तिथेच थांबला. चौतीस वर्षं हजारो आवाज कानांवरून गेलेले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता, आणि आज त्यांनी कोणालाच फोन करायला सांगितलेलं नव्हतं.

तोवर भाचा खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसला होता. "ॲप घ्यायचं? म्हणजे तुम्हाला माझा पडदा दिसेल? घेतो की." आता जीभ काढलेला फोटो येणार या आनंदात तो त्या माणसाने पाठवलेली लिंक उघडून खाली 'होय' लिहिलेल्या चौकोनाकडे माउसचा बाण नेऊ लागला.

मावशी स्टुलावरून कशा उतरल्या ते त्यांनाही कळलं नाही. कप वहीवर उपडा झाला. त्यांनी भिंतीजवळ बसकण मारली आणि इंटरनेटची वायर दोन्ही हातांनी ओढून काढली.

"अगं, हे काय? मी तुझंच ऐकत होतो!"

"माझं नाही रे बाबा," मावशी म्हणाल्या. "हा खराच चोर आहे."

भाच्याने फोनकडे असं बघितलं की जणू त्यातून हात बाहेर येणार आहे. पलीकडचा माणूस अजून विचारत होता, चौकोन दाबला का? मावशींनी फोन घेतला.

"नमस्कार. सध्या सर्व लाइन व्यस्त आहेत," त्या आपल्या जुन्या, साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाल्या. "कृपया प्रतीक्षा करा." आणि फोन तसाच शिलाई मशिनशेजारी ठेवून ताईंना खूण केली. ताईंनी मशिन सुरू केलं. तो माणूस सात मिनिटं प्रतीक्षा करत राहिला. मग एक शिवी देऊन त्याने फोन ठेवला.

मॅडम येऊन सगळं तपासून गेल्या. काही गेलं नव्हतं. पण भाचा दिवसभर माउसला हात लावायला तयार नव्हता, आणि मावशींचंही हसू पळालं होतं. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "सारखी थट्टा केली की खरं काय ते कळेनासं होतं." त्या दिवसापासून खोटे फोन बंद झाले. मेल महिन्यातून एक, आणि तोही मॅडमना आधी सांगून.

गोष्ट गल्लीभर झाली. किल्ल्या बनवणारा आला, पुस्तकबांधणीवाली आली, सगळ्यांना आपले पासवर्ड बदलून हवे होते. "पासवर्ड तुमचा तुम्ही लावा, मला सांगितलात तर कान धरीन," असं मावशी प्रत्येकाला बजावत. मग दातांच्या डॉक्टरांनी आपल्या माणसांना चार गोष्टी सांगायला मावशींना बोलावलं.

त्या ठरल्या वेळी गेल्या. दारातल्या मुलीने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही त्याच मावशी कशावरून?"

"अगं, मला डॉक्टरांनीच बोलावलंय."

"तसं सगळेच म्हणतात. बसा. मी आमच्याकडच्या नंबरवरून दुकानात विचारते."

दुकानात फोन भाच्याने उचलला. फोन करणारी मुलगी खरी कशावरून, अशी त्याला शंका आली. दोघांनी एकमेकांची पाऊण तास उलटतपासणी केली. मावशी बाहेर बाकावर बसून दाराआडून येणारा शब्दन् शब्द ऐकत होत्या, आणि दात दाखवायला आलेल्या शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "तो आतल्या मुलीला छळतोय ना, तो माझा भाचा."