नाव एकदाच भरायचं

“एका माणसाला दोन बायका कशा?” कंपनीच्या ऑफिसच्या खिडकीतल्या क्लार्कने विचारलं, तेही रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

त्याच्या हातात दोन पाकिटांतले कागद होते. एक पाकीट माझ्या सुनेचं, दुसरं माझ्याशेजारी उभ्या असलेल्या बाईचं. तिच्या कागदांतलं मधलं एक पान त्याने काचेला आतून टेकवून आम्हाला दाखवलं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, मला वाचता येतं. ‘मयताचे नाव’ असं छापलेलं होतं आणि त्यापुढे माझ्या मुलाचं नाव होतं. खाली ‘मयताशी नाते’ यापुढे ‘पत्नी’, आणि त्याखाली त्या बाईचा अंगठा.

मी म्हटलं, हे चुकलंय, हिचा नवरा वेगळा. क्लार्क म्हणाला, पहिल्या पानावर दुसरंच नाव आहे, मग खरं कोणतं ते तिला बोलू द्या. तो तिच्याकडे वळला. “बाई, नवऱ्याचं नाव सांगा.”

तिने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

“आठवत नाही?”

मागून एकजण म्हणाला, “साहेब, उखाण्यात विचारा, लगेच सांगेल.” चारपाच माणसं हसली. तिचा नवरा जाऊन महिनाही झाला नव्हता. हसणाऱ्यांना ते ठाऊक नसावं, असं मी आजही धरून चालते.

मी क्लार्कला सांगितलं की यांच्या गावात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तो म्हणाला, मग तुम्ही घ्या. आता मला ते ठाऊक असायला नको का? माझा मुलगा तिच्या नवऱ्याबरोबर सहा-सात वर्षं एका पाळीत होता, पण घरी बोलताना त्याला कायम ‘बदलापूरकर’ म्हणायचा. आज बदलापूरकराने मासे आणले, आज बदलापूरकर उशिरा आला. मला तेवढंच माहीत. मी म्हटलं, रेशनकार्ड बघा. रेशनकार्ड तोवर तिच्या दिराकडे परत गेलं होतं. क्लार्कने दोन्ही पाकिटांवर लाल पेनाने ‘चौकशी’ असं लिहिलं आणि पुढच्याला हाक मारली.

झालं होतं ते असं. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत दोघे कामाला होते. दुपारच्या पाळीत टाकी फुटली. काहीजण भाजले, ते वाचले. माझा मुलगा आणि बदलापूरकर गेले. कंपनीने कबूल केलं की प्रत्येक मयताच्या घरातल्या एकाला पॅकिंग खात्यात कायम घेऊ, पण सगळे फॉर्म भरून एकत्र आणि मुदतीत आले पाहिजेत. माझ्या सुनेला निदान एक काम होतं. त्या बाईला काही नव्हतं. मूल नव्हतं, माहेरी भाऊ वेगळे झालेले, सासरी दीर आणि सासू. ती नोकरी मिळाली तर ती त्या घरात मानाने राहणार होती. नाहीतर ती तिथे एक खाणारं तोंड होती. हे तिनेच मला सांगितलं होतं, बुवापाड्यातल्या आमच्या खोलीत बसून, चहा न पिता.

सून तेव्हा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका टायपिंगच्या दुकानात जायची. सिंधी सेठचं दुकान. आधी तिथे टाइपरायटर होते, मग सेठने कॉम्प्युटर आणला आणि सून त्यावर बसली. दहावी झालेली, हात चलाख. कंपनीने दिलेले फॉर्म फिकट होते, नीट वाचताही येत नव्हते, म्हणून तिने ते सगळे कॉम्प्युटरवर उतरवून घेतले. प्रत्येक फॉर्मची फाइल वेगळी. जिथे भरायचं तिथे करड्या रंगाचा रकाना यायचा. बाकीच्या मजकुराला कुलूप घातलेलं असायचं, तिथे बोट लागलं तरी काही बिघडत नसे. एक कळ दाबली की पुढचा रकाना.

त्यावर तिने आधी आमचे फॉर्म भरले. वारसाचा अर्ज, फंडाचा अर्ज, विम्याचा, नोकरीचा, प्रतिज्ञापत्र, आणखी असे. प्रत्येकात तेच विचारलेलं. मयताचे नाव. मृत्यूचा दिनांक. मृत्यूचे कारण. मयताशी नाते. एक फाइल संपवायची, दुसरी उघडायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. मधेच उठून ती नळावर तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही, असं सेठ मला नंतर बोलला. “मासी, मैंने बोला घर जाओ. बोली, नहीं, पूरा करूंगी.” तिने पूर्ण केले.

मग ती बाई आली. ती नाव सांगेना. रेशनकार्डावर बोट ठेवायची. पहिल्या फॉर्मला ठेवलं, दुसऱ्या फॉर्मला ठेवलं, तिसऱ्याला तिने कार्डच उलटं करून ठेवलं. सुनेने तिला बाकावर बसवलं आणि ठरवलं की हे इतक्यांदा विचारायचंच नाही. सगळे फॉर्म एका फाइलीत घ्यायचे, एकाखाली एक. नाव पहिल्या पानावर एकदाच भरायचं, ते पुढच्या सगळ्या पानांवर आपोआप जाईल. असं करता येतं, हे तिला माहीत होतं. तिने कुलपं काढली, आमच्याच भरलेल्या फाइली एकीला एक जोडल्या, पुन्हा कुलूप घातलं आणि पहिल्या पानावर त्या बाईच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. पुढची पानं सरकवून पाहिली. नाव गेलेलं दिसलं.

सगळीकडे गेलं नव्हतं. एकाच नावाचे दोन रकाने एका फाइलीत आले की मशीन दुसऱ्याला ओळखत नाही, हे तिला त्यानंतर कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका मास्तरांकडून कळलं. मधल्या दोन पानांवरचे रकाने असे तुटले होते. तिथे आमचंच, आधीचं, भरलेलं राहिलं. माझ्या मुलाचं नाव.

मी तिला विचारलं होतं, तू छापल्यावर वाचलं नाहीस का? तिने सांगितलं, वाचलं. प्रत्येक पान वाचलं. पण नवऱ्याचं नाव त्या कागदांवर ती इतके दिवस बघत होती की नजर तिथे अडलीच नाही. त्या जागी ते नाव असायचंच. चूक तिची होती आणि ते मी तिला सांगितलं. पण अशी चूक त्या दुकानात दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती, हेही खरं. दुसरं कुणी असतं तर ते नाव त्याला खटकलं असतं.

पाकिटं बंद करून तिने माझ्याकडे दिली, कारण तिला रजा नव्हती. मी त्या बाईला घेऊन खिडकीवर गेले.

चौकशी लागली म्हणजे थोडे दिवस उशीर, एवढंच मला वाटलं होतं. पण रांगेत तिच्या गावचा कुणीतरी होता. ती घरी पोचायच्या आत बातमी पोचली. बुवापाड्यातल्या एका मेलेल्या माणसाची ही बायको, असं कागदावर आहे, अंगठ्यासकट. त्यातून आम्ही बौद्ध. तिच्या गावात ही गोष्ट कशी घेतली गेली असेल, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. नुसता दुसरा पुरुष असता तर एक वेळ भांडण होऊन मिटलं असतं.

सून म्हणाली, आई, आपण जाऊन सांगू. तिने चुकीचं पान आणि दुरुस्त केलेलं पान, दोन्ही छापून घेतली. बदलापूरला उतरून रिक्षा केली. त्यांचं घर चांगलं होतं, पुढे भाताचे पेंढे रचलेले. आम्हाला ओट्यावर बसवलं. पाणी आलं नाही. ती बाई दाराआड होती, तिची सावली दिसत होती.

दीर शांत माणूस होता, ओरडला नाही. त्याने मला विचारलं, “तुमचा पोरगा आमच्या घरी कवा आला व्हता?”

मी म्हटलं, कधीच नाही.

“मंग त्याचा नाव हिच्या कागदाव कसा आला?”

सुनेने दोन्ही पानं पुढे केली आणि समजावून सांगितलं. रकाने, जोडलेल्या फाइली, सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हंजे मशीनला सपान पडला.”

त्याची म्हातारी आई कोपऱ्यात होती. ती एवढंच म्हणाली, “मशीन काय, मानूस काय. लिवला त्यो लिवला.” आम्ही उठलो. सुनेने ती पानं ओट्यावर ठेवली होती, दिराने ती परत तिच्या हातात दिली.

त्यानंतर चौकशी अधिकाऱ्यापुढे जबाब झाला. या वेळी सून रजा टाकून आली. तिने आपली चूक स्वतः लिहून दिली, सेठनेही दुकानाच्या कागदावर सही करून दिली. अधिकारी क्लार्कसारखा नव्हता, त्याने त्या बाईला खुर्ची दिली. पण तोही म्हणाला की तुमच्या तोंडून नाव आलं पाहिजे, त्याशिवाय मला लिहिता येणार नाही.

तिने पदर मागे सारला. मग तिने नाव घेतलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनाव. हळू नाही, चांगलं स्पष्ट. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. माझा मुलगा ज्याच्याबरोबर मेला त्याचं नाव मला त्या दिवशी कळलं.

बाहेर आल्यावर सून रडायला लागली. ती बाई रडली नाही. ती सुनेला म्हणाली, “आता घेतला तरी काय व्हतंय, बाय. ऐकाला कोन हाय?”

दुरुस्ती मंजूर झाली. तसं पत्र आलं. पण त्याच पत्रात पुढे होतं की या घरातून नोकरीसाठी अर्ज आधीच आला असून तो मंजूर केला आहे, एका घरातून एकच. चौकशी चालू होती तेवढ्यात दिराने आपला अर्ज लावला होता, आईच्या अंगठ्यासकट. त्याचे कागद मुदतीत होते, आणि त्यांत चूक नव्हती.

आमच्या पाकिटावरची चौकशी आधीच मिटली होती, कारण आमच्या कागदांत सगळं बरोबर होतं. सुनेला बोलावणं आलं. ती जायला तयार नव्हती. ती कंपनीत जाऊन म्हणाली, माझ्या जागी हिला घ्या. त्यांनी सांगितलं, अशी जागा कुणाला देता येत नाही, तुम्ही नाही घेतली तर ती संपली. घरी आल्यावर तिने मला विचारलं, काय करू. मी म्हटलं, तू नाही गेलीस तर तिला मिळणार आहे का? नाही ना? मग उद्या सकाळी जा. ती गेली. त्या खात्यात तिच्यापासून चार टेबलं सोडून तो दीर बसायचा. दोघं एकमेकांशी कधी बोलले नाहीत.

ती बाई सासरी राहिली नाही. कुणी हाकललं असं नाही, पण ताट वेगळं झालं. ती कॅम्प चारला आली आणि जीन्सच्या कारखान्यात धागे कापायच्या कामाला लागली. पत्र्याची खोली, बाहेर निळं पाणी वाहणारं गटार. माझी सून रविवारी तिच्याकडे डबा घेऊन जायची. भाकरी, सुकट, कधी अंडी. ती डबा घ्यायची, धुऊन परत द्यायची, कधी एक शब्द वाकडा बोलली नाही. सुनेला तेच सहन होत नसे. ती म्हणायची, आई, तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग एका रविवारी ती म्हणाली, “बाय, तू नको येऊस. तुझा काय चुकला नाय. पन तू आलीस की मना तो कागद दिसतो.”

सून त्यानंतर गेली नाही. डबा मी नेऊ लागले. माझं तिला काही वाटत नसे. आम्ही दोघी खोलीच्या दारात बसायचो. ती धागे कापायचं काम घरीही आणायची, मी बसल्या बसल्या हात लावायचे. गप्पा अशा नव्हत्याच. एकदा तिने विचारलं, तुमचा पोरगा बोलायला कसा होता? मी सांगितलं, फटकळ होता, माझ्यासारखा. ती म्हणाली, आमचे ते कमी बोलायचे, पण तुमच्या पोराची एक एक गोष्ट सांगून हसायचे. कोणती गोष्ट, ते तिला आठवलं नाही.

जीन्सच्या धुळीने की आणखी कशाने, तिला खोकला लागला. सरकारी दवाखान्यात औषधं मिळायची, ती अधूनमधून घ्यायची. काम सोडायची नाही. पावसाळा संपताना ती गेली. मी तिच्या दिराला निरोप धाडला. तो आला, सगळं रीतसर केलं, मला नमस्कार केला आणि परत गेला.

सुनेने टायपिंग पुन्हा कधी केलं नाही. कंपनी काही वर्षांनी बंद पडली, तेव्हाही सेठने बोलावलं होतं. ती गेली नाही. घरी मसाले कुटून विकू लागली.

टाकी फुटली तेव्हा दोघे गेले. त्यांच्यामागे आम्ही तिघी होतो. ती बाई गेली. सून जगली, मी जगले.