अंकलची पिवळी वाट

“घाई ट्रकवाल्याला हाय, बाय. आपल्याला न्हाय,” असं म्हणत अंकल फोर्कलिफ्टपुढून सावकाश पलीकडे जायचे, आणि मागे हॉर्नचा नुसता कलकलाट. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एक माणूस असेलच, ज्याच्यावर सगळे चिडतात आणि ज्याच्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

पूर्णा गावातल्या ज्या गोदामात मी स्टॉकच्या नोंदी करते, तिथे जमिनीवरचे पिवळे पट्टे मारायचं काम त्यांच्याकडे होतं. गाडी कुठून जाईल, माणूस कुठून चालेल, माल कुठे उतरेल, सगळं त्यांच्या ब्रशाने ठरायचं. अंकल खाडीकाठच्या एका गावातले ख्रिस्ती. कुठल्याशा प्रार्थना शिबिरात त्यांनी एक गोल गोल फिरणारी वाट पाहिली आणि उरलेल्या रंगातून तशीच गोदामामागच्या मोकळ्या कोब्यावर काढली. वळणं घेत मधल्या गोलापर्यंत पोचायचं, तिथे थोडं थांबायचं, आणि त्याच वाटेने परत यायचं. चालणं हीच प्रार्थना, कुणासाठी तरी केलेली. लोडिंगवाल्यांनी तिचं नाव ‘अंकलची जिलबी’ ठेवलं होतं.

मी पहिल्यांदा पाहून तिला चक्रव्यूह म्हणाले, तर ते हसले. चक्रव्यूहात माणूस अडकतो, म्हणाले, इथे चुकायला दुसरी वाटच नाही. मग मीही चालून पाहिलं. तिसऱ्या वळणावर मधला गोल अगदी हाताशी आला, म्हणून पट्टा ओलांडून सरळ आत शिरले. अंकल रागावले नाहीत. “देवाला चालंल,” म्हणाले, “पण तू कोनासाठी चालत होतीस, त्ये ध्यानात राह्यलं का?” राहिलं नव्हतं. आमच्या विहारातही सावकाश चालायचा सराव करतात, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

ते स्वतः कुणासाठी चालतात, हे मला फार उशिरा कळलं. मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा ‘हे दार तुला बंद’ असं ते रागात बोलून बसले होते. ती गेली ती गेलीच, नंबरही बदलला. चार वर्षं पत्ता नव्हता. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून ते त्या वाटेवर जायचे. मधल्या गोलात त्यांचे ओठ हलायचे, ते तिचं नाव असायचं. बाहेर आले की डोळे पुसायचे आणि लगेच कुणाची तरी थट्टा सुरू.

चालताना हाक मारायची नाही, हा त्यांचा नियम. एकदा मॅनेजरने मारली, तर काम उरकून ते पुन्हा पहिल्यापासून चालले. म्हणून त्या दुपारी, माझ्याकडे ठेवलेला त्यांचा फोन वाजला तेव्हा मी तो कापला. नंबर अनोळखी होता आणि ते मधल्या गोलाजवळ पोचले होते. पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

बाहेर येऊन त्यांनी त्या नंबरवर फोन लावला. नाशिक रस्त्यावरच्या पडघ्याच्या एका दुकानदाराने उचलला. एका बाईने फोन मागून घेतला होता, कडेवर मूल होतं, लागला नाही म्हणून नाशिकच्या बसने गेली, म्हणाला. मुलगा होता की मुलगी, एवढंच अंकलनी विचारलं. त्याने पाहिलं नव्हतं.

मी रडायला लागले. “तुझी चूक न्हाय, बाय,” ते म्हणाले. “नियम माझा हाय.”

पुढचे कितीतरी रविवार ते चर्चमधून थेट पडघ्याच्या बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. गोदामात चालणं सुरूच होतं, पण आता फोन हातात धरून. वळणावर नजर फोनकडे जायची आणि पाय पट्ट्यावर पडायचा. मला ते बघवत नसे. मग एकदा छातीत दुखतंय म्हणून दोन दिवसांची रजा घेऊन गेले, ते परत आले नाहीत.

महिन्याभराने त्यांची मुलगी गेटवर आली. ते वारल्याची बातमी तिला गावातल्या कुणाकडून तरी कळली होती. मी तिला मागे नेलं, वाट दाखवली, रोज तुझ्यासाठी चालायचे म्हणून सांगितलं.

“मी केला होता फोन,” ती म्हणाली. “पप्पांनी कापला. परत केला, परत कापला. मग म्हटलं, त्यांना न्हाय बोलायचं, तर कशाला त्रास द्यायचा?”

मूल तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

“त्यांनी नाही,” मी म्हणाले. “मी कापला.”