कापसाचे ओरखडे

मुखपृष्ठावर दोन बायका होत्या, म्हणून पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि तलमडुगूच्या शाळेत जाता-येता बसमध्ये वाचलं. पुस्तक इंग्रजी, मी इंग्रजीच शिकवते. आठवणी लिहिणारी बाईच, तिच्यासोबत राहून तिला मारणारीही बाईच. एकच मारहाण ती नाना रूपांत सांगते: कधी पाककृती, कधी पंचनामा. आधी मी वैतागले. मार खाल्लास ना, मग सरळ सांग की! हे काय चाळे? मग एक प्रकरण प्रश्नपत्रिकेसारखं आलं. त्यात प्रश्न होता: हातावर काय झालं म्हणून लोकांना सांगत होतात? मी पुस्तक दाणकन मिटलं. शेजारचा म्हातारा दचकला.

मी सांगत होते, कापूस वेचला.

वाळलेल्या बोंडाची टोकं मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे काढतात. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडच्या कुठल्याही बाईचे हात पाहा. तेव्हा मी इचोड्यात एका नर्ससोबत भाड्याच्या खोलीत राहत होते आणि रविवारी आईच्या शेतात वेचायला जात होते. माझ्या हातांचं कुणाला नवल? नर्स स्टीलच्या कंगव्याचे दाते माझ्या हातात रुतवून खाली ओढायची. किती खोल जाऊ द्यायचं, ते तिला नेमकं ठाऊक होतं. मग तीच औषध लावायची, तीच रडायची. एकदा तिनं माझं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. आवाज ऐकून घरमालकीण धावत आली. ‘पाल होती मावशी,’ नर्स हसून म्हणाली.

‘येवढ्याशा पालीले भेते का वं टीचर?’ मालकीण मला म्हणाली. मी मान डोलावली. केसांतून रक्त येत होतं. तरी माझं त्या नर्सवर प्रेम होतं, आणि हे लिहिताना मला माझीच चीड येते.

मग एका उन्हाळ्यात, रानात कापसाच्या पऱ्हाटीचं एकही झाड उभं नसताना, आईनं माझे हात पाहिले. ‘आता कोनता कापूस वेचला वं?’

मी सांगून टाकलं, सोबतची नर्स मारते म्हणून. आईनं सुटकेचा श्वास सोडला आणि चक्क हसली. ‘बाई हाय ना? मले वाटलं कोनी गडी मानूस हाय.’

त्यानंतर मी आणखी वर्षभर मार खाल्ला, मग खोली सोडली.

पुस्तक संपलं त्या दिवशी मी तडक आईकडे गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. समोर बसून मी ती प्रश्नपत्रिका मराठीत करून वाचून दाखवली, एकेक प्रश्न. मला एवढंच हवं होतं की, तो मार होता, हे तिनं तोंडानं म्हणावं. तिचं सूप थांबलं.

‘नवऱ्यावानी मारे का ते तुले?’

‘हो.’

‘मंग मले सांगतलं काऊन नाई?’

‘सांगतलं व्हतं! तू हासली!’ मी एवढ्यानं ओरडले की शेजारीण दारात आली.

आईनं सूप बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाली, ‘आता बोलते का तिच्यासंगं?’

खोटं बोलता आलं असतं. ‘फोन येते तिचा. मी उचलतो.’

आजवर माझ्यावर कधी हात न उचललेल्या आईनं फाडकन माझ्या कानाखाली वाजवली. मग तोच हात तोंडावर दाबून ती रडायला लागली. मला रडू आलं नाही. राग आला, की ज्याला त्याला मारायला मीच सापडते.